आडनावांचा शोध की मोठेपणाचा?

अलीकडे आपल्या समाजात कुलवृत्तान्तांना बहर आला आहे. विवाहाच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका असो, जुन्या घराच्या शताब्दीची पत्रिका असो की परदेशी स्थायिक झालेल्या मुलांनी मे महिन्याच्या सुटीत भरवलेला कुटुंबमेळावा असो, वंशवृक्षाचा एक तक्ता तिथे हमखास असतो. आपण कोण, कुठले, कोणाचे, हा प्रश्न माणसाला पडावा हे त्याच्या जिवंतपणाचेच लक्षण आहे. त्यामुळे या उत्साहाचे आम्ही मनापासून स्वागतच केले असते. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या पाहण्यात आलेल्या तक्त्यांच्या शिरोभागी काय असते, ते पाहिले म्हणजे मनाला खटकते. कुठे सिंह, बुरूज आणि शिरस्त्राण असलेली रंगीत ढाल असते आणि खाली पोर्तुगीज आडनाव सोनेरी अक्षरांत झळकत असते. कुठे याच्या नेमके उलट, 'आमचे मूळ आडनाव' असा मथळा असतो आणि त्यापुढे एखादे वतनदारी वा पौरोहित्याचे नाव. ढाल लावणारे आणि 'मूळ' शोधणारे एकमेकांची टर उडवतात. आम्हाला मात्र ते सख्खे भाऊ वाटतात. दोघांनाही पूर्वज नको आहेत, मोठे पूर्वज हवे आहेत.

प्रथम ढालीचा विचार करू. पोर्तुगालमध्ये कुलचिन्ह हे आडनावाला मिळत नसे, ते राजाकडून विशिष्ट पुरुषाला आणि त्याच्या वंशाला मिळत असे. एका आडनावाची हजारो माणसे असत, त्यांतल्या मूठभरांना ढाल असे. तेव्हा बाजारातून चौकटीसह विकत आणलेली डिसोजांची ढाल वसईच्या डिसोजांची कशी ठरते, हे विकणाऱ्याने सांगितलेले नाही आणि घेणाऱ्याने विचारलेले नाही. शिवाय ही आडनावे मुळात काय सांगतात? सूझा ही उत्तर पोर्तुगालमधील एक नदी. आल्मेडा हे स्पेनच्या सरहद्दीजवळचे एक गाव. परेरा म्हणजे नासपतीचे झाड, मच्याडो म्हणजे कुऱ्हाड, कोएल्यो म्हणजे ससा आणि फुर्ट्याडो म्हणजे चक्क चोरलेला! रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा, फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा, घोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा, नुनिस म्हणजे नुनोचा. पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिक्स. त्याच्या नावाचा अर्थ हेन्रिकाचा मुलगा अफोन्सो, एवढाच. आपल्याकडे स्वतःच्या नावापुढे बापाचे नाव लावतात, तोच हा प्रकार. गाव, नदी, झाड, अवजार, बाप. शेतकऱ्यांच्या आणि कारागिरांच्या रोजच्या जगातून निघालेली ही नावे आहेत. त्यांत लाज वाटण्यासारखे काही नाही, तसेच मिशांना पीळ भरण्यासारखेही काही नाही.

ही नावे आपल्याकडे कशी आली, तेही आता पुरेसे स्पष्ट आहे. गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. त्यानंतरच्या दीड-दोन शतकांत येथील गावागावांतून स्नानसंस्कार झाले, कित्येकदा एका दिवशी शेकड्यांनी झाले. धर्मपिता म्हणून उभा राहिलेला पोर्तुगीज अधिकारी वा शिपाई, किंवा संस्कार देणारा धर्मगुरू, यांचे आडनाव नवख्रिस्ती कुटुंबाला मिळे. कुपारी हा शब्दच मुळी पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून, म्हणजे धर्मपित्याच्या नात्यावरून आला असे मानले जाते. म्हणजे आडनाव हे रक्ताचे नव्हे, पाण्याचे नाते आहे. स्नानकुंडाच्या पाण्याचे. एका धर्मपित्याने एकाच दिवशी एका गावातली दहा घरे उभी केली असतील तर त्या दहा घरांना एक आडनाव आहे आणि रक्त दहा प्रकारचे आहे. उलट दोन सख्ख्या भावांचे धर्मपिते वेगळे असतील, तर आज त्यांचे वंशज डायस आणि लोपीस म्हणून एकमेकांना परके समजत असतील.

आणखी एक गोष्ट आहे, जी ढालीच्या कोणत्याही चौकटीत लिहिलेली नसते. पोर्तुगीज साम्राज्यात धनिकांच्या घरी गुलाम असत आणि त्यांचाही स्नानसंस्कार होई. त्यांना पुष्कळदा धन्याचेच आडनाव लावले जाई. तेव्हा एखाद्या उमरावाचे भारदस्त आडनाव आज मिरवणाऱ्याचा पूर्वज त्या उमरावाच्या मेजाशी जेवत होता की मेजाशी वाढत होता, हे आडनाव सांगू शकत नाही. दुसरी शक्यता खरी ठरली तर कुणाची मान खाली जाण्याचे कारण नाही. पण ढाल मात्र भिंतीवरून खाली येईल.

आता दुसऱ्या भावाकडे वळू. 'ही परक्यांची आडनावे टाकून द्या, आपली मूळ आडनावे घ्या', असा एक विचार आपल्यात अधूनमधून मांडला जातो. यामागची वेदना आम्ही जाणतो. आडनाव ऐकताच 'तुम्ही गोव्याचे का?' किंवा 'तुम्हाला मराठी येते?' असे विचारले गेले नाही, असा आपल्यात कोण आहे? ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा विरोधाचे सूर निघालेच. संमेलन जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरले. अध्यक्ष तेच होते, आडनावही तेच होते आणि त्या आडनावाखाली लिहिलेले मराठी कोणाही मराठी माणसाच्या मराठीइतकेच अस्सल होते. उत्तर द्यायचे ते असे द्यावे.

ज्याला आडनाव बदलायचे असेल त्याने खुशाल बदलावे. राजपत्राचा मार्ग सर्वांना मोकळा आहे. आमचा आक्षेप बदलण्याला नाही, 'मूळ' या शब्दाला आहे. सोळाव्या शतकातील आपल्या शेतकरी पूर्वजांना पिढ्यान्‌पिढ्या चालणारे स्थिर आडनाव होतेच, हे कोणत्या आधारावर म्हणायचे? पाटील, कुलकर्णी, देशमुख, चौधरी ही तर हुद्द्यांची नावे. हुद्दा गावात एकाकडे असतो. मग आज प्रत्येक घराला त्या एकाचाच वंशज व्हावेसे का वाटते? नांगर धरणारा, मीठ पिकवणारा, होडी वल्हवणारा, पानमळा शिंपणारा पूर्वज कोणालाच कसा सापडत नाही? मूळ शोधता शोधता सगळेच वतनदार आणि पुरोहित निघतात, कूळ आणि गडी कोणीच निघत नाही, तेव्हा तो शोध नसतो, निवड असते.

आणि या निवडीला जात चिकटलेली असते, हे स्पष्ट बोललेच पाहिजे. कुणी सामवेदी म्हणवतो, कुणी सोमवंशी, कुणी आणखी काही. गोव्यात बामण, चारडो आणि शूद्र हे भेद वेदीच्या पायरीपर्यंत गेलेले आहेत. बोली, पेहराव, लग्नातली गाणी यांचा अभिमान वेगळा. तो आम्हालाही आहे. परंतु साडेचारशे वर्षांपूर्वी ज्या स्नानकुंडात सर्वांच्या डोक्यावर एकच पाणी पडले, त्या कुंडापलीकडे जाऊन तिथली उतरंड पुन्हा घरी आणायची आणि तिला संशोधन म्हणायचे, हे आम्हाला मान्य नाही. 'मुलीचे लग्न जमवताना घराणे पाहावेच लागते', असे काही सुजाण मंडळी आम्हाला ऐकवतात. जरूर पाहावे. घरात दारू किती, कर्ज किती, सुनेशी वागणूक कशी, हे पाहावे. १५६० साली त्या घराचा पूर्वज कोणत्या आळीत राहत होता, हे पाहून मुलीच्या ताटात काय पडणार आहे?

आडनाव बदलणे हा धर्माचा नियम होता, असाही एक समज आहे. तसे काही नाही. केरळातील सीरियन ख्रिस्ती घराण्यांची मल्याळी नावे आजतागायत टिकून आहेत. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि ते टिळकच राहिले. ते आपल्या पंथाचे नसले तरी दाखला बोलका आहे. आजचा कॅनन कायदादेखील (नियम ८५५) ठेवावयाचे नाव ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावे एवढेच सांगतो. तेव्हा पोर्तुगीज आडनाव ही श्रद्धेची खूण नाही, तो एका राजवटीचा शिक्का आहे. राजवट वसईतून मे १७३९ मध्ये गेली, शिक्का राहिला. तो इतका काळ आपल्या जिभेवर घोळला आहे की गोन्साल्व्हिशचे घोन्साल्विस आणि पेरैराचे परेरा झाले. लिस्बनच्या माणसाला तो उच्चार ओळखू येणार नाही. आमच्या मते आता ती आपलीच मराठी आडनावे आहेत.

थोडा हिशेब मांडू. १५३४ पासून आजवर सुमारे ४९० वर्षे झाली. एक पिढी ३० वर्षांची धरली तर सोळा पिढ्या होतात. प्रत्येकाला आई-बाप दोन, आजा-आजी चार, पणजोबा-पणज्या आठ. असे दुप्पट करीत गेल्यास सोळाव्या पिढीत पूर्वजांच्या ६५,५३६ जागा होतात. गावातल्या गावात लग्ने होत असल्याने एकच माणूस त्यांतल्या पुष्कळ जागांवर पुनःपुन्हा बसलेला असणार, हे खरे. तरी आडनाव त्यांतल्या किती जागांचे? एका जागेचे. बापाच्या बापाच्या बापाचे. उरलेल्या ६५,५३५ जागा आपण एका फटक्यात पुसून टाकतो आणि उरलेल्या एकाला कुळाचा मूळपुरुष म्हणतो. अलीकडे थुंकीची कुपी परदेशी पाठवून रक्तातील टक्केवारी मागवण्याची टूम निघाली आहे. ती टक्केवारी आजच्या निरनिराळ्या प्रदेशांतील नमुन्यांशी तुलना करून काढलेला अंदाज असतो. त्यातून कोणी दूरचा चुलतभाऊ सापडेल, पण पणजीचे नाव सापडणार नाही.

आणि नेमकी पणजीच तर आपल्या तक्त्यांत नसते. बहुतेक तक्त्यांमध्ये पुरुषाखाली पुरुष, त्याखाली पुरुष; बायका आल्याच तर 'पत्नी' म्हणून कंसात, माहेरच्या नावाविना. मुली तर तक्त्याच्या बाहेरच. सासरी गेल्या म्हणजे जणू वंशातून गेल्या. आपल्या भूमीचे संत गोन्सालो गार्सिया यांचेच पाहा. वडील पोर्तुगीज, आई इथली, या मातीतली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रूसावर त्यांनी प्राण अर्पिला, १८६२ साली ते संत म्हणून घोषित झाले. गार्सिया हे बापाचे आडनाव जगभर गेले. ज्या माउलीमुळे त्यांना आपण 'आपले' म्हणतो, तिचे नाव आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? आपण तरी ते कधी विचारले आहे काय?

मत्तयाने आपल्या शुभवर्तमानाचा आरंभच वंशावळीने केला आहे. आब्राहामापासून येशूपर्यंत चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट त्याने रचले. त्याला मोठेपणाच दाखवायचा असता तर दाविदाचे सिंहासन पुरेसे होते. पण त्याने मध्येच तामार आणली, राहाब आणली, मवाबी रूथ आणली आणि उरियाची बायको आणली. परक्या, बदनाम, अन्याय सोसलेल्या बायका त्याने राजांच्या रांगेत बसवल्या आणि शेवटी मरियेपाशी येऊन तो थांबला. लूक तर वंशावळ उलटी चढत आदामापर्यंत, देवापर्यंत नेतो. तिथे कोणाचेच कुळ कोणापेक्षा उंच राहत नाही. आणि अंतहीन वंशावळींच्या नादी लागू नका, असे पौलाच्या नावे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सुरुवातीलाच बजावले आहे. आमच्या ढालवाल्या आणि मूळवाल्या बंधूंनी ही पाने पुन्हा एकदा सावकाश वाचावीत.

'मग शोधायचे तरी कुठे?' असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर प्रत्येक धर्मग्रामात, पवित्र वस्त्रांच्या खोलीशेजारच्या कपाटात आहे. आमचे खरे गाऱ्हाणे इथूनच सुरू होते.

हिंदू बांधवांच्या पिढ्यांची नोंद नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या चोपड्यांत असते. आपले पूर्वज त्या वाटेने जाईनासे झाले, पण त्याच सुमारास दुसरी वही उघडली गेली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची नोंद ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक केले आणि स्नानसंस्काराच्या धर्मपालकांची नावेही वहीत लिहावयास सांगितली. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि घरोघरच्या माणसांची मोजदाद अशा पाच वह्या ठरवून दिल्या. १७३९ च्या युद्धात आणि त्यानंतरच्या पडझडीत ख्रिस्तमंदिरे ओस पडली, मठवासी निघून गेले. तेव्हा सर्व वह्या कोण कुठे सांभाळणार? तरीही जे उरले आहे आणि नंतर जे लिहिले गेले, तो आपल्या समाजाचा खरा कुलवृत्तान्त आहे. त्यात उमराव आणि कूळ एकाच शाईने, एकाच मापाच्या ओळीत लिहिलेले आहेत.

या वह्या वाचणे मात्र ढाल विकत घेण्याइतके सोपे नाही. भाषा लॅटिन वा पोर्तुगीज, पुढे इंग्रजी. अक्षर ज्या त्या धर्मगुरूचे. आडनाव त्याच्या कानाला जसे ऐकू आले तसे. त्यातून आपल्याकडे नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची रीत. दुमिंगचा इनास, इनासचा दुमिंग, त्या दुमिंगचा पुन्हा इनास. घाईने वाचणारा नातवाला आजोबा करून टाकतो आणि तक्त्यात एक अख्खी शतकी पिढी गडप होते. अशा वेळी वाट दाखवतात त्या बायका. दोन इनास एकाच नावाचे असतील, पण एकाची बायको कातरीना आणि दुसऱ्याची सान्तान, म्हणजे माणसे वेगळी. धर्मपिता-धर्ममाता बहुधा काका, मामा, आत्या, मावशी असतात. तेव्हा त्या ओळीत आजोळही लपलेले असते. आणि १९०८ पासून विवाहाची वार्ता स्नानसंस्काराच्या नोंदीच्या समासात लिहिण्याचा दंडक झाला. म्हणून सासरी गेलेली मुलगी कोणत्या गावी, कोणत्या ख्रिस्तमंदिरात, कोणाशी विवाहबद्ध झाली हे तिच्या जन्मगावच्या वहीच्या समासात सापडते. तक्त्यातून हाकलून दिलेल्या लेकीला वहीने सोडलेले नाही.

आता या वह्यांची अवस्था काय? काही ठिकाणी ती उत्तम आहे आणि तिथल्या धर्मगुरूंचे व कारकुनांचे ऋण समाजावर आहे. पण काही ठिकाणी, नावे घेण्यात अर्थ नाही, आम्ही जे पाहिले ते पाहवत नाही. लोखंडी कपाट, त्याच्यावर छपराची गळती, आत कसर आणि वाळवी. जुन्या शाईने कागद असा खाल्लेला की पान उलटताना ओळींचे तुकडे हातात यावेत. कुणा कनवाळू माणसाने फाटलेल्या पानांवर चिकटपट्टी लावलेली. ती आता पिवळी पडून अक्षरांसह निघते. जुन्या नोंदवह्या काळजीपूर्वक जतन कराव्यात, असे १९८३ च्या कॅनन कायद्याचा ५३५वा नियम स्पष्ट सांगतो. वह्या म्हणजे धर्मगुरूंची खाजगी डोकेदुखी नाही, हे आपल्याला कोणी समजावून सांगितलेले नाही आणि आपणही समजून घेतलेले नाही. सणाच्या मंडपासाठी आणि रोषणाईसाठी आपल्या धर्मग्रामांत वर्गणी जमते. कोरड्या कपाटासाठी जमल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

करायला हवे ते अवघड नाही. पावसाळ्यापूर्वी वह्या कोरड्या, हवेशीर जागी हलवाव्यात. प्रत्येक पानाचे स्वच्छ छायाचित्र घ्यावे आणि त्याच्या प्रती एकाहून अधिक ठिकाणी ठेवाव्यात. वसईला १९९८ पासून स्वतंत्र धर्मप्रांत आहे, तेव्हा एक प्रत तिथे जाण्यास अडचण असू नये. आपल्या घरांतील निवृत्त शिक्षक-शिक्षिकांनी नावांची सूची करावी. कुटुंबांच्या खाजगी गोष्टी वह्यांत असतात, म्हणून अलीकडच्या काळातील नोंदी सरसकट खुल्या करू नयेत. ही धर्मगुरूंची भीती आम्हाला रास्त वाटते. आणि या सर्वांआधी, ज्या आज्या अजून आपल्यांत आहेत त्यांच्यापाशी बसावे. त्यांना आजीचे माहेर, तिच्या आईचे माहेर, कोणत्या आळीतले 'इनासचे' आणि कोणत्या आळीतले 'दुमिंगचे', हे तोंडपाठ आहे. घराघराची ही टोपणनावे आडनावांपेक्षा कितीतरी अधिक खरे बोलतात आणि ती कोणत्याही वहीत लिहिलेली नाहीत.

गोव्यातील काही कुटुंबे १९ डिसेंबर १९६१ पूर्वीच्या जन्मनोंदी शोधतात त्या पोर्तुगालच्या नागरिकत्वासाठी. तो त्यांचा व्यवहार आहे, आम्हाला त्यात पडायचे नाही. वसईकरांना तो मोह नाही, कारण आपला तो धागा १७३९ सालीच तुटला. निदान आपण तरी या वह्यांकडे काही मिळवण्याच्या हेतूविना पाहू शकतो. धर्मग्राम समितीच्या पुढच्या सभेत एकाने उठून एवढेच विचारावे: आपल्याकडे सर्वांत जुनी वही कोणत्या सालची आहे, ती कुठे ठेवली आहे आणि ती शेवटची उघडून कोणी पाहिली?